मेनमधल्या बॉगवरची निसर्गफेरी : तिथून आपल्या खाडीवरच्या मुलांसाठी काय आणता येईल?

सुलभा_मुलुंड

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये मुलाकडे राहायला जातेय. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे, तिथल्या बँगोर शहरात तो असतो. त्याच्या घराजवळ ओरोनो बॉग म्हणून एक मोठी दलदल आहे आणि लोकांना तिच्यावरून चालता यावं म्हणून फळ्यांची वाट बांधलेली आहे. उन्हाळ्यात तिथे जाणकार मंडळी लोकांना हिंडवून माहिती देतात. पैसे नाहीत, फक्त आधी नाव नोंदवायचं. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला मॉलपेक्षा हेच आवडेल." अगदी बरोबर ओळखलं तिने.

मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातल्या सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन रविवारी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाते. कांदळवनातून जाणारी वाट आहे, केंद्रात चांगली माहिती मांडलेली आहे, भरतीची वेळ जुळली तर बोटीतून फ्लेमिंगो बघता येतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली त्याला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, हे सगळं मुलांना तोंडपाठ आहे.

अडचण अशी की मुलं येतात ती फक्त फ्लेमिंगोंसाठी. पावसाळा तोंडावर आला की पक्षी निघून जातात. हंगामातसुद्धा कधी कधी लांबवर एक गुलाबी रेघ दिसते, बस. मग सुरू होतं, "बाई, आता काय बघायचं?" मी तिवराची श्वसनमुळं दाखवते, पानावरचे मिठाचे कण भिंगातून दाखवते. मिनिटभर बघतात. निवटी मासोळी चिखलात उडी मारून गेली की आरडाओरडा, ती बिळात शिरली की पुन्हा सगळं थंड. मुलं हुशार आहेत, घरच्या अडचणी बाजूला ठेवून रविवारी सकाळी सातला हजर होतात. त्यांना तिथून भरल्या डोक्याने परत पाठवायची माझी फार इच्छा आहे.

म्हणून त्या बॉगबद्दल कुतूहल वाटतंय. मुलगा सांगतो, तिथे बघायला शेवाळ, खुरटी झाडं आणि काळं पाणी. मोठा प्राणी दिसेलच असं नाही. तरी माणसं मुलाबाळांना घेऊन येतात आणि दीड-दोन तास रमतात. तिथले मार्गदर्शक नेमकं काय दाखवतात? कसं दाखवतात?

कोणी तिथे किंवा तशाच एखाद्या बॉगवर फिरलं असेल तर कृपया लिहा. माझे गुडघे फार साथ देत नाहीत, तर ती वाट झेपेल का? त्यांचं इंग्रजी समजेल का? आणि काय निरखून यावं, काय विचारून यावं, म्हणजे इथे आल्यावर मुलांना त्याचा उपयोग होईल?

पायवाट

ताई, शास्त्रीय माहिती इतर कोणी देईलच, मी फक्त कामाचं सांगतो. मेनमध्ये मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्यांचा उपद्रव असतो, त्यानंतर डासांचा. पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे, डोक्यावर टोपी, पायात लांब मोजे आणि मोजे पँटवर ओढून घेतलेले. गोचिडीही असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर कपडे बदला आणि गुडघ्यामागे, मानेवर, कानामागे नीट बघून घ्या. घाबरू नका, तिथले लोक हे रोज करतात. फळ्यांवरून खाली पाय न टाकल्यास धोका आणखी कमी.

अनघा_डोंबिवली

सुलभाताई, नवऱ्याचं संशोधन चालू होतं तोवर आम्ही ओरोनोलाच राहत होतो. ती वाट माझ्या जिव्हाळ्याची आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी गुडघ्यांचं. गाडी लावल्यावर पाव मैल सिटी फॉरेस्टच्या सपाट रस्त्याने चालायचं, मग फळ्यांची वाट लागते. ती साधारण मैलभराची, गोल फिरून पुन्हा त्याच ठिकाणी येणारी. चढउतार नाही, व्हीलचेअर जाते, बसायला बाकं आहेत. २००३ साली ती लोकांसाठी खुली झाली. बँगोर शहर, मेन विद्यापीठ आणि ओरोनोचा जमीन-संवर्धन ट्रस्ट असे तिघे मिळून ती सांभाळतात आणि रोजचं बरंचसं काम स्वयंसेवक करतात. बर्फाच्या दिवसांत बंद असते, साधारण मे ते नोव्हेंबर चालू. कुत्रे न्यायला मनाई आहे. इंग्रजीची काळजी सोडा. तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका आहात म्हटल्यावर ती माणसं तुम्हाला सोडणारच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्या फेरीची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे आणि मला वाटतं तुम्ही तीच निरखून यावी.

वाट सुरू होते तिथे ओलं रान असतं. मेपल, फर, चांगली उंच झाडं, खाली नेचे. थोडं पुढे गेलं की झाडं बुटकी व्हायला लागतात. मग नुसती काळी स्प्रूस आणि टॅमरॅक, तीही कंबरेएवढी, छातीएवढी. आणि मग एकदम मोकळं आभाळ, चहूकडे लाल-हिरवं शेवाळ, त्यातून वर आलेली कापूसगवताची पांढरी बोंडं. आम्हाला पहिल्यांदा ज्या बाईंनी फिरवलं त्यांनी सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला : इथे पाण्याला तोटा नाही, तरी पुढची झाडं उपाशी का? उत्तर दिलं नाही. त्या प्रश्नाचा एकेक धागा हातात देत आम्हाला मध्यापर्यंत नेलं.

पहिला धागा शेवाळाचा. त्या फळीच्या कडेला गुडघे टेकून बसल्या आणि आम्हा सगळ्यांनाही बसवलं. (तुम्ही बाकावर बसा, त्या तुमच्याकडे घेऊन येतील.) स्फॅग्नम शेवाळ. वरून प्रत्येक काडीच्या टोकाला एक छोटी चांदणी दिसते, कुठे हिरवी, कुठे किरमिजी. त्यांच्याकडे डब्यात मूठभर ओलं शेवाळ होतं. ते एका मुलाच्या हातात देऊन म्हणाल्या, पीळ. पाण्याची धार लागली, थांबेचना. मग पानाचं सूक्ष्मदर्शकाखालचं मोठं चित्र दाखवलं : जिवंत पेशी अगदी अरुंद, आणि त्यांच्यामध्ये मोठमोठ्या मेलेल्या, पोकळ, भोकं असलेल्या पेशी. पाणी साठतं ते या मेलेल्या पेशींत. वाळलेल्या शेवाळाच्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी त्यात मावू शकतं. पहिल्या महायुद्धात हेच शेवाळ जखमांवर बांधायला वापरत, हे सांगितल्यावर मुलं पुन्हा हातातल्या गोळ्याकडे बघायला लागली.

दुसरा धागा पाण्याचा. पेल्यात बॉगचं चहाच्या रंगाचं पाणी घेतलं, त्यात रंग बदलणारा कागद बुडवला. आंबट, पीएच चारच्या आसपास. हा आंबटपणा पुष्कळसा शेवाळाचाच उद्योग. ते पाण्यातले कॅल्शियमसारखे क्षार स्वतःकडे ओढतं आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतं. कडेच्या झाडांना आजूबाजूच्या जमिनीतून झिरपून आलेलं पाणी मिळतं, त्यातून थोडे क्षार मिळतात. मध्यावर मात्र शेवाळाचा थर साचून साचून इतका वर आलेला असतो की जमिनीखालचं पाणी तिथवर पोचत नाही. वरून पडेल तेवढंच, पाऊस आणि बर्फ. पावसाच्या पाण्यात खत कुठून असणार? झालं, उत्तर मुलांनीच दिलं.

आणि मग ती उपाशी झाडं काय करतात ते बघायचं. काळ्या स्प्रूसची खालची फांदी शेवाळात गाडली गेली की तिलाच मुळं फुटतात आणि नवीन झाड उभं राहतं. कंबरेएवढं झाडही कित्येक दशकांचं असू शकतं. आठ-दहा वर्षांच्या पोराला आपल्यापेक्षा बुटकं झाड आपल्या आजोबांच्या वयाचं असू शकतं हे कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

घटपर्णी तुम्ही पुस्तकातून शिकवली असेल, ती वेलीला पेले लटकणारी. इथली वेगळी, जमिनीलगत पेल्यांचा झुबका. जूनमध्ये त्यातून उंच दांड्यावर एक जड, गडद लाल फूल मान खाली घालून येतं. पेला उघडाच असतो, त्यात पावसाचं पाणी साचतं. आतल्या ओठावर हात न लावता भिंगातून बघा, सगळे केस खालच्या दिशेला वळलेले. मुंगी खाली जाऊ शकते, वर येताना तेच केस आडवे येतात. पाण्याच्या तळाशी पाय-पंखांचा काळा गाळ, आणि त्या गाळावर डासाच्या अळ्या वळवळताना दिसतात. वायोमिया स्मिथी हा डास याच पेल्यांत वाढतो. हिवाळ्यात पेल्यातलं पाणी गोठतं तेव्हा अळ्याही त्यात गोठून राहतात आणि वसंतात पुन्हा हलायला लागतात. बुडालेल्या किड्यांचे तुकडे या अळ्या आणि जिवाणू करतात आणि त्यातला नायट्रोजन झाडाला मिळतो. उत्तरेकडचा हा डास माणसाला चावतही नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच : पूर्ण फेरीला एकच प्रश्न धरा. ऐरोलीत तो तयारच आहे. इथे सगळीकडे पाणी आहे, तरी तिवर तहानलेला का? पाणी खारट. मग पानावरचे मिठाचे कण ही निव्वळ एक गंमत राहत नाही, तो पुरावा होतो. मूळ बरंचसं मीठ बाहेरच अडवतं, जे आत येतं ते पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. आणि पुढचा प्रश्न, चिखलातून मुळं वर का आली? एका मुलाला जुना चमचा द्या. केंद्रातल्या लोकांची परवानगी घेऊन वाटेच्या कडेला चिखलाचा पातळ काप काढायला सांगा. वरचा थर तपकिरी, अगदी पातळ. त्याखाली काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. वरच्या थरापर्यंत हवा पोचते, खाली नाही. खेकड्याच्या बिळाचा काप मिळाला तर बिळाच्या भोवती तपकिरी कडं दिसेल, कारण बिळातून हवा आत गेलेली असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की श्वसनमुळं शिकवावी लागत नाहीत.

लेकफ्रंट

अनघाताईंचा प्रतिसाद सुरेख. थोडा वेगळा अनुभव सांगतो. आम्ही शिकागोला असताना मुलांना वोलो बॉगला नेत असू. शहराच्या वायव्येला, गाडीने तास-सव्वा तास. तिथलं माहितीकेंद्र एका जुन्या गोठ्याच्या इमारतीत आहे आणि शनिवार-रविवारी मार्गदर्शक घेऊन जातात.

वोलो अजून पूर्ण भरलेलं नाही. मधोमध उघडं तळं आहे आणि त्याच्या भोवती शेवाळाची साय कडेकडून आत सरकतेय. फळ्यांची वाट काही ठिकाणी चक्क तरंगती आहे. पाऊल टाकलं की भिजलेल्या गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं आणि दोन हातांवरचं झुडूप हलतं. माझ्या धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा निसर्गात रस घेतला तो त्या क्षणी. खाली घट्ट जमीन नाही, आपण पाण्यावर वाढलेल्या झाडाझुडपांवर उभे आहोत, हे त्याला पायांनी कळलं. पीएच वगैरे नंतर.

म्हणून माझं मत असं की मुलांना आधी थरार द्यावा, प्रश्न मागून. फ्लेमिंगोंना कमी लेखू नका. मिनेसोटात डुलुथच्या वायव्येला सॅक्स-झिम बॉग आहे. हाडं गोठवणाऱ्या थंडीत तिथे लांबलांबून लोक येतात ते ग्रेट ग्रे घुबड बघायला. त्या घुबडाच्या ओढीनेच तिथे माहितीकेंद्र उभं राहिलं, जमिनी विकत घेऊन राखल्या जातायत. घुबड नसतं तर त्या खुरट्या झाडांसाठी एवढे पैसे कोणी दिले असते का?

अनघा_डोंबिवली

पैशांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. फ्लेमिंगोंमुळेच ठाणे खाडीकडे लोकांचं लक्ष गेलं हेही खरं. पण सुलभाताईंचा प्रश्न पक्षी नसतानाच्या रविवारचा आहे. थरार पाहुण्याच्या येण्यावर अवलंबून ठेवला तर पाहुणा न आल्यावर हात रिकामे. तुमच्या धाकट्याला थरार दिला तो पायाखालच्या दलदलीने, आणि ती रोज जागेवर असते. मी म्हणते ते यापेक्षा फार वेगळं नाही.

कातळसडा

दादर पश्चिमेहून रामराम. मेनला सगळ्यांनाच जाता येणार नाही, म्हणून आपल्याकडचं लिहितो.

पाणी भरपूर आणि अन्न नाही ही स्थिती आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात असते. कास पठार घ्या (२०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं ते). खाली जांभा कातळ, वर मातीचा अगदी पातळ थर, चार महिने पाण्याने डबडबलेला. पावसाने माती धुऊन जाते, नायट्रोजन टिकत नाही. म्हणून तिथे दवबिंदू आहे, ड्रॉसेरा इंडिका. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, किडा चिकटला की केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. त्याचाच गोल पानांचा भाऊबंद, ड्रॉसेरा रोटंडिफोलिया, ओरोनोच्या शेवाळात सापडेल. ताई, तो आवर्जून शोधा, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान पान असतं, वाकून बघावं लागतं. सीतेची आसवंसुद्धा शिकारी वनस्पतींपैकीच. वर नाजूक निळी-जांभळी फुलं आणि खाली ओल्या मातीत बारीक फुगे, पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेणारे. लोक कासला गालिच्याचे फोटो काढतात आणि पायाखालची शिकार बघतच नाहीत, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी लावून मुलांना दाखवा. हजारो मैलांवर, एका ठिकाणी बर्फ, दुसरीकडे मान्सून, आणि उपाशी झाडाने काढलेली तोड तीच.

सुलभा_मुलुंड

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! अनघाताई, चमच्याची कल्पना मी जायच्या आधीच्या रविवारीच करून बघणार आहे. "तिवर तहानलेला का" हा प्रश्न मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

अजून एक विचारते. मुलगा म्हणाला की तिथे शेवाळ कुजत नाही, साचत जातं आणि त्यात पुष्कळ कार्बन असतो, म्हणून बॉग राखणं महत्त्वाचं. कांदळवनाबद्दलही आपण हेच सांगतो. पण सहावीच्या मुलांना कार्बन म्हटलं की ती वहीत लिहून घेतात आणि विसरतात. तिथे हे कसं सांगतात?

आणि वाळलेलं थोडं शेवाळ मुलांसाठी घेऊन यावं का?

लेकफ्रंट

आणू नका. अशा राखीव ठिकाणाहून काही उचलायचंच नसतं, आणि माती-वनस्पती भारतात आणायला विलगीकरणाचे कडक नियम आहेत. फोटो आणा.

अनघा_डोंबिवली

कार्बनबद्दल. माणसांचे मृतदेह बॉगमध्ये हजारो वर्षं टिकतात, ही गोष्ट मुलांना सांगून बघा. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट (बॉगमध्ये न कुजता साचलेल्या शेवाळाचा थर) खणताना एक माणूस सापडला. चेहरा इतका ताजा की आधी पोलिसांना बोलावलं, कोणाचा तरी नुकताच खून झाला असं वाटलं. तो सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा निघाला. टोलुंड मॅन म्हणतात त्याला. दाढीचे खुंट, कपाळावरच्या आठ्या, डोक्यावरची कातडी टोपी, सगळं शाबूत. हवा नाही, आंबट पाणी, थंडी, आणि शेवाळातले कातडी कमावल्यासारखा परिणाम करणारे पदार्थ. माणूस कुजला नाही तिथे पान कसं कुजणार? आणि कुजलं नाही म्हणजे त्यातला कार्बन हवेत गेला नाही. तिथवर मुलं स्वतः पोचतात. फोटो मात्र आधी स्वतः बघा, त्याच्या गळ्याला दोर आहे. लहानांना कितपत दाखवायचं ते तुम्ही ठरवा.

मग मोजपट्टी. पीट ढोबळमानाने वर्षाला एक मिलिमीटर चढतं (जागेप्रमाणे कमी-जास्त होतं, हे मुलांना सांगा). ऐरोलीच्या वाटेवर शिंप्याची टेप पसरा. बारा वर्षांच्या मुलाचं आयुष्य बारा मिलिमीटर, बोटाच्या पेरापेक्षा कमी. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, जेमतेम मीटरभर. कान्हेरीची सुरुवातीची लेणी दोन मीटरच्या आसपास. आणि उत्तरेकडचे पुष्कळसे बॉग त्याहून कितीतरी खोल आहेत, हिमयुगाचा बर्फ वितळल्यापासून साचत आलेले. आता विचारा, एखाद्या यंत्राने हे दोन मीटर खणून बागेच्या कुंडीत घालायला किती वेळ लागेल? एक सकाळ पुरे.

जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के भागावरच पीट आहे, पण मातीतल्या एकूण कार्बनपैकी अंदाजे एक तृतीयांश त्यात आहे. हा आकडा टेप गुंडाळताना सांगितला तर लक्षात राहतो, सुरुवातीला सांगितला तर नाही.

कांदळवनाचा चिखल असाच कार्बन धरून ठेवतो, पण भरती-ओहोटीने येणाऱ्या गाळाची त्यात भर असते, त्यामुळे मिलिमीटरचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. वास मात्र तुमच्याच बाजूने साक्ष देईल. काळ्या चिखलाचा वास येतोय तिथे हवा नाही, आणि जिथे हवा नाही तिथे पान हळू कुजतं.

कातळसडा

कुंडीचा विषय निघालाच आहे तर शेवाळाचंही सांगतो. ऑर्किड लावणारे लोक वाळलेलं स्फॅग्नम वापरतात, मुंबईत चांगल्या रोपवाटिकेत आणि बागेचं सामान विकणाऱ्या दुकानांत पाकिटातून मिळतं. लहानात लहान पाकीट घ्या. तेही कुठल्यातरी दलदलीतूनच आलेलं असतं, तेव्हा एकदा घेतलेलं जपून वर्षानुवर्षं वापरा, वाळवून पुन्हा चालतं. शेजारी कोकोपीट ठेवा, नारळाच्या काथ्याचं. मुलांना कळेल की कुंडीसाठी बॉग खणायची गरज नाही.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दहा ग्रॅम कोरडं शेवाळ तोला. बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, चाळणीत निथळा, पुन्हा तोला. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. पाकिटातलं शेवाळ दाबलेलं, तुटलेलं असतं त्यामुळे वीसपट येईलच असं नाही, पण दहापटीच्या वर गेलं तरी आरडाओरडा होईल. नंतर एकेकाने पिळायचं आणि पाणी मोजपात्रात धरायचं. जुना टॉवेल, कापूस, कोकोपीट, सगळ्यांशी शर्यत लावा.

सुलभा_मुलुंड

मोजपात्र शाळेतून मागून घेते, प्रयोगशाळेच्या बाई ओळखीच्या आहेत. टेपचा प्रयोग मी आधी माझ्या नातवंडांवर तिथल्याच फळ्यांवर करते, आणि त्या मार्गदर्शक मंडळींना अंबरनाथ आणि कान्हेरीची मापं सांगते. त्यांच्याकडे कुठली मापं वापरतात तेही विचारून येते.

अनघाताई, एक शेवटचं. जूनच्या शेवटी गेले तर कापूसगवत आणि घटपर्णीचं फूल दोन्ही मिळेल ना?

अनघा_डोंबिवली

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक फेरी करून घ्या, दोन्ही मिळायची शक्यता तेव्हाच जास्त. कापूसगवत वाऱ्याने लवकर झडतं, घटपर्णीचं फूल मात्र पाकळ्या गळल्यावरही दांड्यावर बराच काळ उभं असतं. सकाळी लवकर जा, पक्षी बोलत असतात आणि डास जरा कमी. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलात तर क्रॅनबेरीची छोटी कच्ची फळं शेवाळावर पडलेली दिसतील, मण्यांएवढी. नावनोंदणी मात्र आत्ताच सूनबाईंना करायला सांगा, शनिवारच्या फेऱ्या लवकर भरतात.